तापाला विचारा : कुठून आलास, केव्हा निघालास?





आजचा विषय आहे ‘परदेशातून परतलेल्या माणसाचा ताप’. हा विषय मुंबईच्या एखाद्या पंचतारांकित परिषदेत शोभेल, नाशिकजवळच्या एकलहऱ्यात कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. मग मी तुम्हालाच विचारतो. या सभागृहात असं कुठलं घर आहे, की ज्यातलं कुणीच देशाबाहेर नाही? इथल्या औष्णिक वीज केंद्रातून, आपल्या थर्मलमधून, निवृत्त झालेल्यांची मुलं अमेरिकेत आणि जर्मनीत आहेत. इथे बॉयलर-टर्बाइनवर हात बसलेले फिटर-वेल्डर आखातात आणि आफ्रिकेत शटडाऊनच्या कामाला जातात. आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावातून माणसं हज-उमराहला जातात. आणि थायलंडची सहल तर आता महाबळेश्वरइतकी घरगुती झाली आहे. सगळे बॅगा भरून परत येतात. कुणाच्या बॅगेत चॉकलेटं असतात, कुणाच्या खजूर. आणि एखाद्याच्या रक्तात, कस्टमवाल्याला न दिसणारं, काहीतरी असतं.

मी चार मुद्दे मांडणार आहे. ताप कसा फिरतो, हा पहिला. डॉक्टरने सर्वांत आधी काय करायचं, हा दुसरा. तारखांचा हिशोब, हा तिसरा. आणि चौथा, जो औषधाच्या पुस्तकात सापडत नाही, तो म्हणजे माणसं खरं का सांगत नाहीत.

पहिला मुद्दा. २००६ साल आठवा. हातपाय आखडलेली, कमरेत वाकलेली, भिंत धरून संडासला जाणारी माणसं घरोघरी होती. चिकनगुनिया! त्या वर्षाच्या सुरुवातीला मालेगावात दोन हजारांवर रुग्ण झाले होते. त्याआधी हा आजार महाराष्ट्रात कधी दिसला होता? १९७३ साली, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत. मधली तीस-बत्तीस वर्षं भारतात तो जवळजवळ विस्मृतीत गेला होता. विषाणूची वंशावळ तपासली, तेव्हा कळलं की बार्शीचा पाहुणा आशियाई घराण्यातला होता आणि २००६ चा आफ्रिकी. २००४ मध्ये केनियाच्या किनाऱ्यावर याच घराण्याची साथ उसळली होती. तिथून ती हिंदी महासागरातल्या बेटांवर गेली. रियुनियन बेटावर तर दर तीन माणसांमागे साधारण एकाला चिकनगुनिया झाला. आणि मग तो भारतात आला. 

गोष्ट इथे संपत नाही. २००७ च्या जूनमध्ये केरळहून एक गृहस्थ इटलीत नातेवाइकांकडे गेले. तिथे त्यांना ताप आला. त्या गावात एडिस जातीचे डास होतेच. उन्हाळा सरेपर्यंत इटलीच्या त्या भागात दोनशेहून अधिक लोकांना चिकनगुनिया झाला. युरोपात या रोगाची स्थानिक साथ पहिल्यांदाच झाली, आणि तिचा माग भारतापर्यंत आला. केनिया, बेटं, भारत, इटली. तीन वर्षांत!

म्हणून ‘परदेशी रोग’ हा शब्द मला पटत नाही. कुणासाठी परदेशी? १९९४ चा सप्टेंबर आठवतोय ना? बीड जिल्ह्यातल्या मामल्यात गाठीचा प्लेग निघाला आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाचा. लाखो माणसं सुरत सोडून मिळेल त्या गाडीने निघाली, त्यात आपल्या खानदेशातलेही पुष्कळ होते. कित्येक देशांनी भारताची विमानं बंद केली. त्या महिन्यात जगाच्या दृष्टीने ‘बाहेरून आलेला तापाचा पेशंट’ कोण होता? आपण होतो. आजही न्यू जर्सीत वाढलेला नातू मे महिन्यात आजीकडे नाशकाला येतो, रस, पाणीपुरी, विहिरीचं पाणी सगळं मनसोक्त खातो-पितो आणि तिकडे जाऊन तापाने फणफणतो. तिथला डॉक्टर विचारतो, परदेशात गेला होतात का? आई म्हणते, नाही हो, घरीच गेलो होतो! अशी मंडळी हॉटेलात उतरणाऱ्या पर्यटकापेक्षा जास्त आजारी पडतात, कारण ‘आपल्याच घरी जायला लस कसली?’ दक्षिण आशियातून परतणाऱ्यांत टायफॉइड ठळकपणे दिसतो, तो यामुळेच. तेव्हा तुमच्या मुलांना फोनवर एवढं सांगा : तिकडे गेल्यावर ताप आला, तर डॉक्टरला नाशिकचं नाव आवर्जून सांगा.

आता दुसरा मुद्दा. डॉक्टरने आधी काय करायचं? रक्त? एक्स-रे? सीटी स्कॅन? तुम्ही थर्मलची माणसं आहात, तुम्हाला वेगळं सांगायला नको. वीजसंच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, की मुरलेला इंजिनिअर पान्याला हात लावत नाही. तो कंट्रोल रूममध्ये जाऊन विचारतो, ट्रिप व्हायच्या आधी काय झालं, कुठल्या क्रमाने झालं? तापाचंही तसंच. आधी प्रश्न, मग सुई.

प्रश्न तरी किती? तीन. कुठे गेला होतात? केव्हा गेलात आणि केव्हा परतलात? तिथे काय काय केलंत?

‘आफ्रिकेत’ हे ‘कुठे’चं उत्तर होत नाही. लागोस की जोहान्सबर्ग? शहरातलं वातानुकूलित हॉटेल की साइटवरचा पत्र्याचा कॅम्प? वाटेत विमान कुठे बदललं? ‘काय केलंत’ याची उत्तरं तर मोठी रंजक असतात. तळ्यात पोहलो. उंटिणीचं दूध प्यायलो. गवतात बसून जेवलो. साइटवर उंदीर फार होते. आणि काही उत्तरं बायकोसमोर मिळत नाहीत, त्यासाठी नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर बसवावं लागतं. (हसू नका, ते दोन मिनिटांचं बाहेर बसणं कधी कधी हजारो रुपयांच्या तपासण्या वाचवतं.)

एवढे साधे प्रश्न न विचारल्याने काय होतं? विचारूनही उत्तर पुढे न गेल्याने काय होतं? २०१४ च्या सप्टेंबरात अमेरिकेत डॅलस शहरात एक गृहस्थ ताप घेऊन मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात गेले. ते पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियातून आले होते आणि तिथे इबोला थैमान घालत होता. नर्सने विचारलं, त्यांनी सांगितलं, तिने नोंदवलंही. पण ती नोंद निर्णय घेणाऱ्याच्या डोक्यापर्यंत पोचली नाही. अँटिबायोटिक देऊन त्यांना घरी पाठवलं. तीन दिवसांनी ते अँब्युलन्समधून परत आले, ८ ऑक्टोबरला गेले, आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्या दोन नर्सेसना लागण झाली. त्या दोघी सुदैवाने वाचल्या. अमेरिकेत कशाची कमतरता होती? यंत्रांची? पैशांची? माहिती नोंदीत होती, पण कुणी तिच्याकडे पाहिलं नाही.

याच मुद्द्याचा दुसरा भाग मलेरिया. समजा, इथलाच एक फिटर नायजेरियातलं काम आटोपून घरी आला. नाव नको, नमुना म्हणून घेऊ. आल्यावर बाराव्या दिवशी थंडी वाजून ताप. जवळच्या दवाखान्यात एक सुई, एक सलाईन. ताप उतरला, पुन्हा चढला. मग रक्त. टायफॉइडची विडाल चाचणी पॉझिटिव्ह, ‘टायफॉइड निघाला!’ दुसऱ्या दिवशी प्लेटलेट उतरल्या, ‘पेशी कमी झाल्या, म्हणजे डेंगी!’ घरात पपईच्या पानांचा रस सुरू, किवी सुरू. चौथ्या दिवशी माणूस असंबद्ध बोलायला लागतो, लघवी काळपट होते, आणि मग मुंबईची धावपळ. या गोष्टीत एक शब्द कुठेच आला नाही. कोणता? नायजेरिया.

सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतून परतलेल्याला ताप आला, तर तो मलेरिया नाही हे सिद्ध होईपर्यंत मलेरियाच समजायचा, आणि तपासणी त्याच दिवशी करायची. उद्या नाही, सोमवारी नाही. कारण तिकडचा मलेरिया प्रामुख्याने फाल्सिपेरम जातीचा असतो, आणि ज्याच्या अंगात त्याच्याविरुद्धची प्रतिकारशक्ती नाही, अशा माणसात तो काही दिवसांत मेंदू, मूत्रपिंड, फुप्फुसं यांच्यापर्यंत पोचू शकतो. प्लेटलेट मलेरियातही उतरतात. विडाल आपल्याकडे निरोगी माणसातही पॉझिटिव्ह येते, टायफॉइडचं खरं निदान रक्ताच्या कल्चरने होतं, आणि ते अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी घ्यायचं असतं. ‘मी गोळ्या घेत होतो’ म्हणून मलेरिया नाही, असंही नाही. एखादी गोळी चुकली तरी पुरतं. आणि आफ्रिकेला जाताना पीतज्वराची लस टोचून जे पिवळं कार्ड मिळतं, ते फक्त पीतज्वराचं. पुष्कळांना वाटतं, कार्ड आहे म्हणजे सगळ्यातून सुटलो. त्या कार्डाचं डासालाही कौतुक नाही आणि मलेरियालाही.

तपासणी कशी करायची? ती फार जुनी आणि फार स्वस्त आहे. बोटाच्या टोकाला टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचे दोन नमुने करायचे, एक पातळ पसरलेला, एक जाड थेंबाचा. जाड थेंब जमलाय की नाही, हे पाहण्याची आमच्या लॅबवाल्यांची एक युक्ती आहे. ओली पट्टी वर्तमानपत्रावर ठेवायची. थेंबातून खालची अक्षरं जेमतेम वाचता आली, तर थेंब बरोबर. मग वाळवायचं, रंग द्यायचा, वर तेलाचा थेंब सोडायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक क्षेत्र सरकवत शोधायचं. जाड थेंब सांगतो मलेरिया आहे का, पातळ नमुना सांगतो कोणता आणि किती. फाल्सिपेरमची नाजूक अंगठी दिसते, कधी एका अंगठीला दोन ठिपके, कानाला लावायच्या हेडफोनसारखे. आणि दिसलं नाही तर? तर विषय मिटला नाही. बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, आणि पुन्हा. एका निगेटिव्ह पट्टीवर मलेरियाला क्लीन चिट द्यायची नाही. झटपट किट जरूर वापरा, पण त्याच्या जोडीने पट्टी.

इथल्या ज्येष्ठांना हे नवं नाही. घरोघरी येणारे मलेरियावाले आठवत असतील. ताप आहे का विचारायचे, बोट टोचायचे, दारावर तारीख टाकून जायचे. विचारणं, तपासणं, तारीख लिहिणं. आजच्या माझ्या व्याख्यानाचा सारांश त्या माणसांना तेव्हाच पाठ होता!

तारखेवरून तिसऱ्या मुद्द्याकडे येतो. प्रत्येक रोगाला अंगात शिरल्यापासून ताप येईपर्यंत ठरावीक मुदत लागते. कुणाला चार दिवस, कुणाला चार आठवडे. ही मुदत माहीत असली, की साध्या भिंतीवरच्या कॅलेंडरने निम्मे संशयित वगळता येतात.

डेंगीची मुदत बहुधा चार ते दहा दिवस, जास्तीत जास्त चौदा. चिकनगुनियाची साधारण तशीच, बहुधा आठवड्याच्या आत. फ्लू, कोविड काही दिवसांत. इबोलासारख्या रक्तस्रावी तापांची कमाल मर्यादा एकवीस दिवस. टायफॉइड एक ते चार आठवडे. फाल्सिपेरम मलेरिया लवकरात लवकर सातव्या दिवशी, बहुतेकदा परतल्यावर महिन्याभरात. कावीळ, अ प्रकारची, साधारण महिन्याने. आफ्रिकेतल्या तळ्यात पोहून शिरलेला शिस्टोसोमा कृमी तीन ते आठ आठवड्यांनी ताप देतो, आणि रक्तातल्या इओसिनोफिल पेशी वाढवून आपली चाहूल देतो. आणि व्हायवॅक्स मलेरिया? तो यकृतात दडी मारून बसतो आणि कित्येक महिन्यांनी, प्रवास विसरल्यावर, डोकं वर काढतो. म्हणून ‘प्रवास’ म्हणजे मागचा आठवडा नव्हे, मागचं वर्ष विचारायचं.

आता उदाहरण सोडवू. थायलंडची सहल करून माणूस १० तारखेला परतला. ताप आला ३० तारखेला. थायलंडचा डेंगी? शक्यच नाही, वीस दिवस झाले. पण डेंगी असू शकतो का? हो, असू शकतो! कुठला? तुमच्याच गच्चीवरच्या पिंपातला. विमानात बसून आला म्हणून माणसाला एकलहऱ्याचा डास सोडून देत नाही. हे फार महत्त्वाचं आहे. परदेशचा शिक्का पाहून दुर्मीळ रोगांमागे धावायचं आणि समोरचा न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, इथलाच डेंगी सोडून द्यायचा, हीसुद्धा तितकीच मोठी चूक. आणि कितीही हिशोब केला, तरी बऱ्याच जणांत तापाचं नेमकं कारण सापडत नाही. ताप आपोआप उतरतो. त्याची लाज वाटायचं कारण नाही. घातक ते आधी वगळलं की नाही, हा खरा प्रश्न.

दुसरं उदाहरण. उमराहहून परतल्यावर आठवड्याने ताप, खोकला, धाप. बहुधा साधा फ्लू किंवा न्यूमोनिया. पण सौदीत २०१२ पासून माहीत असलेला मर्स नावाचा विषाणू आहे, त्याची मुदत चौदा दिवसांपर्यंत. म्हणून पेशंटला आधी मास्क, वेगळी खोली, आणि मग बाकीचं. ताप, मान ताठ आणि अंगावर जांभळे डाग असतील, तर मेंदूज्वर. तिथे घड्याळ मिनिटांचं असतं. हजला जाणाऱ्यांना त्याची लस सक्तीची आहे, ती उगाच नाही.

आणि तपासताना कपडे काढून तपासा हो! दक्षिण आफ्रिकेची जंगल सफारी करून आलेल्याच्या जांघेत किंवा गुडघ्यामागे सिगारेटचा चटका बसावा तशी काळी खपली असते, गोचीड चावल्याची. ती दिसली की गोचीडतापाचं निदान समोर उभं. आपल्याकडच्या स्क्रब टायफसमध्येही अशीच खपली असते. शर्टावरून स्टेथोस्कोप लावणाऱ्याला दोन्ही दिसत नाहीत.

चौथा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत अवघड. हे सगळं ज्या उत्तरांवर उभं आहे, ती उत्तरं माणसं देतील का?

सप्टेंबर १८९६. मुंबईत मांडवी भागात गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला आणि स्पष्ट सांगितला. हा प्लेग बहुधा हाँगकाँगकडून जहाजांनी आलेला. निदान चोख होतं. पण पुढच्या वर्षी पुण्यात काय झालं? साथरोगाचा १८९७ चा कायदा हातात घेऊन गोरे सोल्जर घराघरांत शिरले, माजघर-देवघर न पाहता झडत्या घेतल्या, माणसं उचलून नेली. लोकांनी काय केलं? आजारी माणसं लपवली. २२ जून १८९७ ला प्लेग-समितीचा प्रमुख रँड याच्यावर गोळी चालली, तो इतिहास तुम्ही जाणता. पण आरोग्याच्या इतिहासात त्याचा अर्थ एवढाच की विचारणाऱ्याची भीती वाटली, तर लोक उत्तर देत नाहीत. ताप पोटमाळ्यावर जातो. त्याच पुण्यात त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी गेल्या. प्लेग तोच होता. पण सावित्रीबाईंकडे आजारी लेकरू घेऊन येताना कुणाला लपवाछपवी करावी लागली नाही.

आणि २०२० मध्ये आपण काय वेगळं वागलो? ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले दोन कोविड रुग्ण सापडले. दुबईच्या सहलीहून १ मार्चला परतलेलं जोडपं. मुंबईहून पुण्याला ज्या टॅक्सीने आले, तिचा चालकही बाधित निघाला. कपाळावर धरायचं थर्मल गन-यंत्र त्यांना अडवू शकलं असतं? मुदतीतल्या माणसाला ताप नसतोच, तर यंत्र काय दाखवणार? तिथे कामाला येते ती माणसाने स्वतःहून दिलेली माहिती. आणि आपण काय केलं? हातावर शिक्के मारलेल्यांना सोसायटीत घेईनासे झालो, व्हॉट्सॲपवर नावं फिरवली, दारावर बोर्ड लागलेल्या घरातल्या पोरांशी आपली पोरं बोलेनाशी झाली. मग पुढच्या माणसाने ताप झाकण्यासाठी पॅरासिटामॉल घेऊन प्रवास केला, तर दोष एकट्या त्याचाच?

म्हणून डॉक्टरने विचारताना आवाजात आरोप नको. ‘कुठे कुठे फिरून आलात?’ आणि ‘कुठून घेऊन आलात हे?’ या दोन वाक्यांत निदानाइतकं अंतर आहे. आणि ज्याने खरं सांगितलं, त्याचं नाव दवाखान्याच्या भिंतीबाहेर जाता कामा नये. आरोग्य यंत्रणेला कळवणं वेगळं, ते कर्तव्य आहे. कॉलनीला कळवणं वेगळं.

आता आवरतो. संक्षेपाने सांगायचं, तर असं. परदेशातून आल्यावर वर्षभरात कधीही ताप आला, तर डॉक्टरने न विचारताही पहिल्याच वाक्यात देशाचं नाव आणि परतल्याची तारीख सांगा. मनाने अँटिबायोटिक आणि डोकेदुखीच्या जोरदार गोळ्या घेऊ नका. डेंगी असेल तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन रक्तस्राव वाढवू शकतात, साधं पॅरासिटामॉल पुरे. आफ्रिकेहून आला असाल, तर मलेरियाची तपासणी त्याच दिवशी मागून घ्या आणि निगेटिव्ह आली तरी पुन्हा करायला लाजू नका. बरळणं, धाप, रक्तस्राव, कावीळ, लघवी कमी होणं, न थांबणाऱ्या उलट्या, यांपैकी काहीही दिसलं, तर घरात चर्चा करत बसू नका, थेट मोठं हॉस्पिटल गाठा. माझ्या व्यवसायबंधूंना एवढंच सांगतो : केसपेपरवर नाव आणि वयाच्या खाली प्रवासाची एक ओळ छापून घ्या. छापलेली ओळ रिकामी राहिली, की डोळ्याला टोचते.

गोदावरीकाठी आपण सिंहस्थ भरवणारी माणसं आहोत. दर बारा वर्षांनी जग आपल्या दारात येतं, आणि एरवी आपली माणसं जगाच्या दारात जातात. हे येणं-जाणं थांबवून कुठलाही ताप थांबलेला नाही, आणि ते थांबावं असं कुणाला वाटतही नाही. तेव्हा येणाऱ्याला चहा विचाराल, तसाच प्रवासही विचारा. आणि त्याने खरं सांगितलं, तर त्याच्या शेजारची खुर्ची मागे सरकवू नका.

 प्रश्न असतील तर जरूर विचारा. विचारण्याचं महत्त्व सांगायलाच तर मी आज आलो होतो.